नदीच्या पात्रातली बाग

देगलूरहून सकाळच्या एस.टी.नं लातूरला निघालो. नव्या जिल्ह्याचं कौतुक पुण्यात बसून पुष्कळ वाचलं होतं. तीन वर्षांच्या दुष्काळानंतर वरच्या अंगाला रात्री पाऊस झाल्याचं कळलं, त्यामुळे कंडक्टरही खुशीत होता. ती खुशी नदीपर्यंतच टिकली.

सडक पुढे नव्हतीच. डांबराचा तुकडा पाण्यावर लोंबत होता. शेजारी सहलीसाठी केलेली बाग होती म्हणे. आता बाभळीत अडकलेला झोपाळा आणि सिमेंटचा एक बाक तेवढा दिसत होता. कोरडं पात्र बघून कुणा शहाण्यानं तिथं फुलझाडं लावली असावीत. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात. इथं तर पाणीच नसताना खळखळाट झाला होता.

पाणी संध्याकाळशिवाय उतरायचं नाही, असं ड्रायव्हरनं सांगितलं. माझं एक वेळ ठीक होतं. पण मागच्याच फाट्यावर चढलेल्या गयाबाई नावाच्या बाईंच्या मुलीची, सुमनची, दुपारी दोनला लातूरच्या नव्या कचेरीत मुलाखत होती. गावातली मॅट्रिक झालेली ती पहिली मुलगी. ती चपला हातात घेऊन पाण्यात शिरली, तेव्हा दोघा बायांनी तिला ओढून काढलं.

गयाबाईंनी भाकरीचं फडकं सोडलं, करडईचं तेल घातलेली चटणी मलाही वाढली. मग सुमनला मुलाखतीला पुन्हा बोलवावं म्हणून अर्ज लिहून द्या म्हणाल्या. मी कागद काढला आणि ही सडक बांधणाऱ्या गुत्तेदाराला (ठेकेदाराला) दोन शिव्या घातल्या.

"त्याला कशाला बोलता," गयाबाई म्हणाल्या. "सडक आखताना सायबानं आमालाच इचारलं व्हतं, पानी कुठवर येतं म्हून. पानी पार त्या चिंचंपर्यंत येतं. आमी सगळ्यांनी खालचा धोंडा दावला."

"का?"

"खरं सांगितलं आस्तं तर सडक वरल्या गावाच्या शिवारातून गेली आस्ती. काम बी त्यांलाच. त्या दुष्काळाच्या सालात गिट्टी (खडी) फोडायला मिळाली म्हून जगलो. ही शिकली ती त्याच्यावरच."

सुमननं घास खाली ठेवला.

मला राग आला होता, पण तो कुणावर काढावा हे कळेना. उपाशी माणसाच्या हाती काम ठेवायचं आणि त्यालाच पुराची खूण विचारायची, असला कारभार. साहेबाची बदली झाली असेल; त्याची मुलाखत काही चुकली नाही. अर्जात मी 'अतिवृष्टीमुळे' एवढंच लिहिलं. सुमननं वाचून सही केली.

दुपारी गाडी माघारी फिरली. पुण्याला परतल्यावर लोकांनी लातूर कसं आहे विचारलं, तेव्हा पोचलोच नाही म्हणून सांगितलं. खरं म्हणजे त्या बाईला मी दोष देऊ शकलो नाही आणि माफही करू शकलो नाही. तो हक्क माझा नव्हताच. ज्या मुलीचा होता, ती परतीच्या गाडीत आईशेजारची जागा मोकळी ठेवून फाट्यापर्यंत उभी राहिली.