तिसऱ्या नंबरचा प्लग

चूक झाली तर आपला मुलगा तेजस ती कोणाला सांगेल का, या काळजीने गेली तीन वर्षं भाविकाची पाठ सोडली नव्हती. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला तो नापास झाला आणि त्यानंतर आठ महिने रोज सकाळी डबा घेऊन कॉलेजला निघत राहिला. जात होता महापेच्या एका गॅरेजमध्ये. तिला कळलं ते त्याच्या नखांवरून. साबणानेही न निघणारा तो काळा रंग वह्या-पुस्तकांचा नव्हता.

आता महापेला त्याचा स्वतःचा गाळा होता. टर्बो गाड्या घेऊन लोक थेट पनवेलहून त्याच्याकडे येत. बोनकोडे गावातल्या भाऊबंदांना तो 'गाड्यांचं काहीतरी करतो' एवढंच ठाऊक. भाविका मात्र बी.एस्सी. झालेली, तिने खोदून खोदून विचारून घेतलं होतं. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतात, म्हणून आतली उष्णताही जास्त. त्याला स्पार्क प्लग 'थंड' लागतो, म्हणजे स्वतःची उष्णता चटकन बाहेर टाकणारा. फारच थंड घेतला तर काजळी धरतो, आणि गरम राहिला तर पेट्रोल नको तेव्हा पेटतं. निवड बरोबर झाली की नाही हे बघायला तेजस गाडी दोनशे किलोमीटर फिरवायचा, प्लग काढून घरी आणायचा आणि त्याच्या देवजी आजोबांच्या जुन्या भिंगातून खिडकीच्या उजेडात एकेकाचं टोक न्याहाळायचा. डॉक्टर जीभ बघून पोटाचं सांगतात, तसा तो टोकाचा रंग बघून इंजिनाचं सांगायचा.

आज सकाळी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्यावर चार प्लग ठेवलेले होते, त्याचं गिऱ्हाईक हरेशभाई यांच्या गाडीचे. प्रत्येकापुढे पेनाने आकडा, एक ते चार. तेजस अंघोळीला गेला होता. भाविका शेजारीच देवाची भांडी चिंचेने घासत होती. समई उजळली, ताम्हन उजळलं, थोडी चिंच उरली. प्लगांची ती मळकट टोकं तिच्या डोळ्यांत खुपली. पोराला तेवढीच मदत, म्हणून तिने तारेच्या घासणीने चारही घासले आणि नळाखाली धरले. तिसरा ओल्या बोटांतून निसटला, फरशीवर टणकन आदळला.

"काय परला गं?" बाहेरच्या खोलीतून सासूबाईंनी, सखूबाईंनी, विचारलं.

"चमचा!" भाविका म्हणाली. प्लग उचलला, पदराने पुसला आणि तीन नंबरसमोर ठेवून दिला.

तेजस टॉवेलने डोकं पुसत आला आणि ओट्यापाशी थबकला.

"आई, हे काय केलंस?"

"घासले. किती काळे झाले होते."

"अगं, त्या काळ्यातच तर सगळं असतं! माझं बघून झालं होतं म्हणून वाचलीस. आणि तारेची घासणी? हे टोक बघ, शिवणाच्या सुईपेक्षा बारीक आहे. याला मी ब्रशसुद्धा लावत नाही."

"मंग काय झाला रं?" सखूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "देवाच्या भांड्यांच्या मानानं घासलान तिनं. आई हाय तुजी, चोर नाय."

"आजी, आता तू यांची पूजा पण घाल."

तो हसला, पण खिडकीशी जाऊन एकेक प्लग उलटसुलट करून पाहू लागला. पातळ पट्टी घालून टोकांमधलं अंतर मोजलं. पाणी राहू नये म्हणून जोरात फुंकर मारली. तिसऱ्यापाशी जरा जास्त वेळ थांबला, की तिलाच तसं वाटलं?

"पडला-बिडला नाही ना एखादा?"

"नाही."

"बघ हं. पडलेला प्लग मी बसवत नाही. आतली चिनी माती तडकते, कपची उडाली तरी वरून दिसतही नाही. तुकडा इंजिनात गेला की संपलं."

"नाही म्हटलं ना!"

चारही प्लग कापडात गुंडाळून तो गेला. अकरा वाजता हरेशभाई बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन घाटाने महाबळेश्वरला निघणार होते.

भाविकाने केर काढायला घेतला. ओट्याखालून सुपलीत आले एक चिंचोका, दोन तांदूळ. तिसरा तांदूळ बोटांत धरला, तर तो तांदूळ नव्हता. एका बाजूने गुळगुळीत, दुसरीकडे धार. पांढरी चिनी माती.

घड्याळात दहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. आतापर्यंत त्याने प्लग बसवलेही असतील. कदाचित हा तुकडा दुसऱ्याच कशाचा असेल. परवा कपाचा कान फुटला होता. तिने कचऱ्याच्या डब्यातून कपाचा कान शोधून काढला. तो निळा होता.

फोन करायचा तर काय सांगायचं? हरेशभाईंसमोर त्याला गाडी पुन्हा उघडावी लागणार, आईने प्लग पाडला म्हणून. आधीच भावकीत म्हणतात, पोरगं आईच्या पदराखालचं. आणि तेजस तिला काय म्हणेल? दोनदा त्याला 'नाही' म्हणून झालं होतं.

दहा चाळीस. घाटाच्या वळणावर बंद पडलेली गाडी, मागून येणारा ट्रक, मागच्या सीटवरची मुलगी.

तीन वर्षांपूर्वी, नखांचा तो प्रकार उघडा पडला त्या दिवशी, ती त्याच्यावर ओरडली होती, "पहिल्याच दिवशी सांगायला तुला तोंड नव्हतं का?" तेव्हा तो भिंतीला टेकून म्हणाला होता, "होतं गं. पण पहिल्या दिवशी नाही सांगितलं, मग दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी सांगाव्या लागल्या असत्या."

त्या वेळी तिला ते उलट उत्तर वाटलं होतं.

"कोनाला फोन लावतंस?" सखूबाईंनी विचारलं.

"तेजसला. मगाशी चमचा नव्हता पडला, सासूबाई."

म्हातारीने सुपलीतल्या त्या पांढऱ्या तुकड्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "मंग लाव बेगीन."

भाविकाने तुकडा मुठीत घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने नंबर लावला.