उभ्या गाडीचा आवाज

महिनाभर माझ्या गाडीतून खडखड येत होती, आणि तीही गाडी पळायला लागली की मगच. हे मी माझ्या मोठ्या दिरांना तीनदा सांगितलं. कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाल्यापासून जगातलं प्रत्येक यंत्र आपल्याला विचारून चालतं, असा त्यांचा समज आहे. त्यांनी गाडी दारातच उभी ठेवायला लावली, इंजिन सुरू करून बॉनेट उघडलं, डोळे मिटून ऐकलं आणि "टायमिंग चेन गेली" असं सांगून हात पुसले. हात मळलेले नव्हतेच.

"भाऊजी, माझ्या शेजारी बसून सायखेड्यापर्यंत चला. आपोआप ऐकू येईल."

ते नुसते हसले. बाई गाडी चालवत असताना शेजारी बसणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही.

शेवटी मी नवऱ्याला गाडी हळू चालवायला सांगितली आणि कॉलनीतल्या रस्त्यावर बाजूबाजूने चालत गेले. स्पीडब्रेकरवर आवाज आला, पुढच्या बंपरखालून. वाकून पाहिलं. नजर लागू नये म्हणून दसऱ्याच्या पूजेनंतर भाऊजींनी स्वतःच्या हाताने बांधलेली घोड्याची नाल सैल होऊन पत्र्यावर आपटत होती.

मी ती सोडली आणि घरी जाऊन त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि गंभीरपणे म्हणाले, "हिच्यामुळेच तुझी टायमिंग चेन वाचली."