टपली

माझा आवाज मोठा आहे. घरात, फोनवर, भाजीवाल्याशी बोलताना, सगळीकडे. त्यात राग असतोच असं नाही, पण ऐकणाऱ्याला ते कळायला वेळ लागतो. मी ज्या कारखान्यात काम शिकलो, तिथला मिस्त्री सकाळी आमचा यथेच्छ उद्धार करायचा आणि दुपारी डोक्यात टपली मारून म्हणायचा, "चल रे, चहा मार." टपली बसली की प्रकरण मिटलं, मनात काही उरलं नाही, असं समजायचं. माणसं अशीच हाताळायची असतात हे मी तिथे शिकलो आणि नव्वदच्या दशकात अबू धाबीला गेलो तेव्हा डिप्लोम्याच्या सर्टिफिकेटबरोबर तेही घेऊन गेलो.

अबू धाबीच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या भागात आमचं यार्ड होतं. पंप आणि टाक्या ज्यांवर बसवतात असे मोठे लोखंडी सांगाडे आम्ही तिथे जोडायचो. मी इंजिनिअर. माझ्या हाताखाली बारा थाय वेल्डर आणि त्यांचा फोरमन, तोही थाय. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. माझ्या आधीपासून आखातात होता. हात जोडून नाकापर्यंत नेऊन नमस्कार करायचा, त्यामुळे मला पहिल्या दिवसापासून तो आपल्यातलाच वाटला. नमस्कार सारखा म्हणजे माणूसही सारखा, एवढा सोपा हिशेब मी केला होता.

त्याची एक सवय होती. आठवड्यातून एकदा तरी, सकाळी कामाचा सायरन व्हायच्या आधी, मी पत्र्याच्या केबिनमध्ये एकटा असताना तो ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन यायचा. टेबलावर पसरायचा, एका जागी बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "सर, धिस वन आय नो अंडरस्टँड." मग मी त्याला समजावून सांगायचो. सांगता सांगता कधी कधी माझ्याच लक्षात यायचं की इथे माप चुकलंय किंवा वरच्या नकाशाचा खालच्याशी मेळ बसत नाही. मी पेन्सिलने दुरुस्ती करायचो. तो म्हणायचा, "ओ, नाऊ अंडरस्टँड. थँक यू, सर." आणि जायचा. घरी मी बायकोला सांगायचो, "हात सोन्याचा आहे गं, पण ड्रॉइंगच्या बाबतीत ठोंब्या. मुलांना शिकवावं तसं शिकवावं लागतं." ती म्हणायची, "शिकतोय ना? मग ओरडू नका त्याच्यावर." दोन वर्षं हे असंच चाललं.

ऑगस्टमधली गोष्ट. हवा अशी की सकाळी सातला शर्ट पिळून घ्यावा. गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर आला होता आणि त्याने तपासलेल्या सांध्यांपैकी तीन सांधे नापास केले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोरमनला हाक मारली आणि त्याच्या बाराही माणसांसमोर, त्या इन्स्पेक्टरसमोर तोंड सोडलं. "व्हॉट इज धिस? ब्लाइंड हो क्या? ट्वेंटी इयर्स एक्सपीरियन्स, फॉर व्हॉट?" हिंदी, इंग्रजी, मधे मधे मराठी. तो हसत होता. मी ओरडत होतो आणि तो हसत होता, म्हणून मी आणखी ओरडलो. थाय माणसाचं तसलं हसू म्हणजे माणूस लाजेने मेल्यासारखा झालाय आणि आता तरी थांबा, अशी विनवणी असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

इन्स्पेक्टर गेला. माझा राग उतरला. राग उतरला की मला नेहमी वाईट वाटतं, तसं तेव्हाही वाटलं. फोरमनने घाम पुसायला हेल्मेट काढलं होतं. मी जवळ गेलो, हसलो आणि त्याच्या डोक्यात एक टपली मारली. म्हटलं, "खलास. फिनिश. यल्ला, चलो, टी ब्रेक."

यार्डात ग्राइंडर चालू होते, ते एकेक करून बंद झाले. बाराजण माझ्याकडे बघत होते. फोरमनने हेल्मेट डोक्यावर घातलं, पट्टा हनुवटीखाली आवळला आणि म्हणाला, "यस, सर."

आमच्याकडे क्रेनला पट्टे बांधणारा रिगर होता, कोकणातला, माझ्याच वयाचा. कामगारांच्या कॅम्पमध्ये त्याची खोली थाय लोकांच्या खोलीला लागून होती. संध्याकाळी बसमध्ये चढायच्या आधी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, राग मानू नका. त्यांच्यात डोक्याला हात लावत नाहीत. दोरीवर पँट वाळत असली तर हे लोक तिच्याखालनं वाकूनसुद्धा जात नाहीत, वळसा घालून जातात. आणि तुम्ही तर सगळ्यांसमोर."

"अरे, प्रेमाने मारली टपली."

"ते मला कळलं. त्यांना नाही कळलं. तुम्ही सगळ्यांसमोर त्याला सॉरी म्हणा. दोन शब्दांचं तर काम."

"मी? माफी? त्याच्या हाताखालच्या पोरांसमोर?" मी म्हटलं. "उद्या माझं ऐकेल का कोणी?"

बस आली आणि तो गेला. मी माफी मागितली नाही. चारचौघांत पाणउतारा केला तेव्हा मला काही वाटलं नव्हतं, पण चारचौघांत सॉरी म्हणायचं तर माझं नाक कापलं जाणार होतं.

त्यानंतर वरवर काहीच बदललं नाही. फोरमन वेळेवर येई, हात जोडी, मी सांगेन ते करी. फक्त सकाळी केबिनमध्ये यायचा तो थांबला. मला बरं वाटलं. बायकोला म्हटलंसुद्धा, "एवढ्या दिवसांनी ड्रॉइंग वाचायला शिकला बघ."

ऑक्टोबरमध्ये एक मोठा सांगाडा तयार झाला. तो क्रेनने उचलून ट्रेलरवर ठेवायचा होता. उचलण्यासाठी त्याला चार लोखंडी कान जोडावे लागतात, त्यांत क्रेनचे पट्टे अडकवतात. कान कुठे जोडायचे त्याच्या खुणा मी स्वतः खडूने मारून दिल्या. फोरमन त्या खुणांकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या काखेत ड्रॉइंगची गुंडाळी होती.

मी म्हटलं, "एनी प्रॉब्लेम?"

त्याची माणसं आजूबाजूला उभी होती. "नो प्रॉब्लेम, सर," तो म्हणाला.

मी जुन्या ड्रॉइंगवरून खुणा केल्या होत्या. सुधारलेलं ड्रॉइंग तीन आठवड्यांपूर्वी आलं होतं. त्यात पंपाची जागा बदलली होती, म्हणजे सांगाड्याची जड बाजूही बदलली होती. क्रेनने उचलल्यावर सांगाडा हातभर वर गेला, एका अंगाला कलला आणि पट्ट्यांतून घसरला. पट्टा नीट करायला कोकणातला रिगर पुढे झाला होता. त्याचा उजवा पाय सांगाड्याखाली आला. तो ओरडला ते मराठीत, माझं नाव घेऊन ओरडला, आणि यार्डात मराठी कळणारा दुसरा कुणी नव्हता. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दोन दिवसांनी मॅनेजरने आम्हा सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. आदल्या संध्याकाळी मी फायली काढून बसलो होतो, स्वतःचा बचाव शोधत. त्या दोन वर्षांतली ड्रॉइंग एकेक करून उघडली. फोरमनने जिथे जिथे बोट ठेवून "नो अंडरस्टँड" म्हटलं होतं, तिथे तिथे माझ्या पेन्सिलची दुरुस्ती होती. एकही जागा सुटली नव्हती. त्याला न कळलेलं असं एकही ड्रॉइंग नव्हतं. माझी चूक माझी मलाच सापडावी, कुणासमोर माझी मान खाली जाऊ नये, म्हणून हा माणूस दोन वर्षं माझ्यापुढे ठोंब्या बनून उभा राहत होता. मला तेव्हा शरम वाटली, आणि लगेच त्याहून मोठी भीती वाटली, की तो आता बोलेल.

मॅनेजरने विचारलं, "कानांच्या खुणा कुणी केल्या?"

मी मूग गिळून बसलो. घरच्यांचा व्हिसा माझ्या नोकरीवर, मुलीची शाळा, तिचं दहावीचं वर्ष. हे सगळं माझ्या डोक्यात होतं आणि रिगर नव्हता. मला ते लपवायचं नाही. फोरमनने माझ्याकडे बघितलं, वाट बघितली. मी खाली बघितलं.

"आय मार्क," तो म्हणाला. "माय मिस्टेक."

असं तो का म्हणाला हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. मला वाचवायला? की नवीन ड्रॉइंग माहीत असून तो बोलला नाही, त्या पायाचं ओझं त्याच्याही जिवावर होतं म्हणून? की माझ्यासारख्या माणसाशी चारचौघांत वाद घालणं त्याला कमीपणाचं वाटलं? मला माहीत नाही. त्याचा व्हिसा रद्द झाला. मी हॉस्पिटलमध्ये संत्री घेऊन गेलो, तर रिगर माझा हात धरून म्हणाला, "साहेब, त्या फोरमनने माझं वाटोळं केलं. तुम्ही बरोबर ओरडत होतात त्याच्यावर." मी त्याच्या उशाशी संत्री सोलत बसलो. त्याला खरं सांगितलं नाही, अजूनही नाही.

फोरमन जायचा होता त्या गुरुवारी, म्हणजे तिथल्या शुक्रवारच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, अर्धा दिवस होता. दुपारी मी गाडी काढून कॅम्पवर गेलो. थाय लोकांच्या खोलीत सगळे जमले होते, जमिनीवर चटया पसरून भात आणि भाजलेले मासे खात होते. मी दारातून त्याला बाहेर बोलावलं. पाण्याच्या टाक्यांमागे, कुणाला ऐकू जाणार नाही अशा जागी नेलं आणि म्हटलं, "आय ॲम सॉरी. इट वॉज माय मिस्टेक. टचिंग युअर हेड, दॅट ऑल्सो."

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मान हलवली. मग खोलीच्या दाराकडे हात करून म्हणाला, "सर, कम इनसाइड. ऑल माय पीपल इनसाइड. ईट लिटल, टॉक लिटल."

काय मागत होता ते मला कळलं. एवढ्या काळात त्याने माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट होती. दार उघडं होतं, दहा पावलांवर. आतली माणसं खायची थांबून बाहेर बघत होती.

मी घड्याळ बघितलं. म्हटलं, "नो नो, आय हॅव टू गो. ड्रायव्हर इज वेटिंग."

गाडी आम्हा दोघांच्या समोर उभी होती, रिकामी. किल्ल्या माझ्या हातात होत्या. त्याने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ओके, सर," तो म्हणाला. "ड्रायव्हर वेटिंग लाँग टाइम. नो गुड. गो, सर."

तो मला सोडायला गाडीपर्यंत आला. हात जोडले. आणि मग मी स्टिअरिंगच्या जागी बसताना त्याला दिसू नये म्हणून तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.