एकोणतिसाव्या संध्याकाळचा चाँद

जैनबीला सांगितलं न्हाई, म्हणजे कुणालाच सांगितलं न्हाई असं समजा. बायको हाय ती माझी. माझ्या खिशात काय आन पोटात काय, समदं तिला ठाऊक. पण ही एक गोष्ट — ही तिच्यापासून बी लपवली. तुमाला कावून सांगतोय? तुमी मधी बोलणार न्हाई म्हणून असंल. बसा जरा. माझं बोलणं सरळ चालत न्हाई, फिरून फिरून येतं.

मी दस्तगीर. पिंजारी. सिरसाळ्याच्या अंगाला आमचं गाव. निजामसरकारचं राज्य होतं तवा. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, रजया शिवायच्या, हा आमचा धंदा. दिवसभर पिंजणाच्या धनुकलीची तात वाजत राहायची, आन खोलीभर कापूस तरंगायचा. दारातनं उन्हाची तिरीप आली की त्यात बारीक बारीक तंतू वर जायचे, खाली यायचे, कुठंच पोचायचे न्हाईत. मी बघत बसायचो. हात चालू, डोळे भलतीकडं. मला वाटायचं, मी ढगात बसलोय आन गाव खाली कुठंतरी हाय. बाप वरडायचा, "जागा हायेस का बे?" जागाच होतो. पण जागं असणं म्हंजे तरी काय असतं?

आमची मुसलमानांची वीस-पंचवीस घरं. मशीद म्हंजे दगडमातीची एक खोली, पुढं ओटा, हातपाय धुवायला रांजण. मौलवी कुठनं आणायचा? तर आमचा इमाम, आमचा मास्तर, समदं एकच माणूस — हुसेनचाचा तांबोळी. पानं विकायचा. काथानं त्याची बोटं कायमची लाल. त्या लाल बोटांवर त्यानं आमाला धरम शिकवला. अरबी आमाला कुठली येती? तो आधी अरबी म्हणायचा, मग आपल्या बोलीत समजून सांगायचा.

अल्ला एक हाय, म्हणायचा. त्याला आई न्हाई, बाप न्हाई, लेकरू न्हाई. तो दिसत न्हाई, पण त्याला समदं दिसतं. त्यानं लई पैगंबर धाडले, किताबा धाडल्या. मोहम्मद पैगंबर सगळ्यात शेवटचे. मरण हाय, आन मरणानंतर एक दिवस हाय — कयामतीचा — तवा हरेकाला आपापलं केलेलं समोर दिसंल. आन मग तो पाच बोटं उघडायचा. अंगठा म्हंजे कलमा: मी गवाही देतो, अल्लाशिवाय दुसरा देव न्हाई, आन मोहम्मद त्याचे रसूल. दुसरं बोट नमाज, दिवसात पाच डाव, काब्याकडं तोंड करून — आमच्या गावातनं काबा म्हंजे नदीपल्याडचा मावळतीचा माळ. तिसरं बोट रोजा: रमजानचा महिनाभर उजाडायच्या आधीपासून सूर्य बुडंस्तोवर पाण्याचा थेंब न्हाई, आन तोंडातनं वाईट शब्द बी न्हाई. चौथं जकात: देवानं दिलेल्यातलं गरिबाचं गरिबाला. आन करंगळी हज, ज्याला झेपंल त्यानं जन्मात एकदा. हजचं बोलताना हुसेनचाचाचा आवाज बारीक व्हायचा. रेल्वे, मग मुंबई, मग जहाज, मग वाळू. त्याच्या पानांच्या टोपलीनं तिथवर कवा पोचणार होता? तरी बी असं सांगायचा, जसा कालच जाऊन आलाय.

आमी पोरं हसायचो. पण एक सांगू? पाच बोटांतलं ते पहिलं — गवाही — ते त्यानं सगळ्यात जास्त घोटून घेतलं. जे डोळ्यानं बघितलं न्हाई, कानानं ऐकलं न्हाई, मनानं मानलं न्हाई, त्याची गवाही देऊ नका रे लेकरांनो. मी पहिल्या रांगेत बसलतो. मी ऐकलंय ते.

आता चाँदाचं सांगतो. आमचा महिना चाँदावर चालतो. रमजानचे रोजे एकोणतीस होतील का तीस, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. एकोणतिसाव्या संध्याकाळी सगळे माळावर जाऊन मावळतीकडं बघतात. नवा चाँद दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद. न्हाई दिसला तर आणखी एक रोजा, तिसावा. आभाळ भरलेलं असलं तर भल्या दोन माणसांनी गवाही द्यावी लागते, आमी बघितला म्हणून. तार न्हाई, काही न्हाई. माजलगावात काय दिसलं हे आमाला तीन-चार दिवसांनी बाजारकरी सांगणार. म्हंजे गावाचा चाँद गावाच्या डोळ्यावर.

आन गावाचे डोळे म्हंजे मी. हे खरं हाय, फुशारकी न्हाई. दहा वर्सं दर साली पहिला चाँद मला दिसायचा. मी बोट दाखवायचो, मग बाकीच्यांना दिसायचा. लोक "चाँदवाला" म्हणायचे मला. पाटीलसुद्धा वाटंत गाठून विचारायचे, "काय दस्तगीर, उद्या शीरखुर्मा हाय का परवा?" मला लई बरं वाटायचं. पिंजाऱ्याला कोण विचारतं एरवी?

पण ज्या सालची ही गोष्ट, त्या सालच्या हिवाळ्यापासून मला सुईत दोरा ओवता येईना. कडंला नुसतं धुकं. जैनबी दोरा ओवून द्यायची आन मी म्हणायचो, कापसाचा कण गेलाय डोळ्यात. कापसाचा कण काय सहा महिने राहतो का डोळ्यात? तिनं कधी विचारलं न्हाई. मी बी सांगितलं न्हाई.

त्या साली रमजान ऐन उन्हाळ्यात आलता. माळ तापून पांढरा पडलेला. दुपारची झोप म्हंजे झोप न्हाई, नुसतं पाण्याचं सपान. एकोणतिसाव्या संध्याकाळी आमी सगळे टेकाडावर गेलो. वळवाचे ढग मावळतीला पसरलेले, मधी मधी फट, आन त्या फटींत गुलाबी, जांभळा, राखेसारखा उजेड. धूळ हवेत थांबून राहिलेली. मला ती संध्याकाळ अजून तशीच दिसते — म्हंजे धूसरच दिसते, कारण तवा बी धूसरच दिसली होती. पोरं पुढं. बायका खाली लिंबाखाली. आन सगळे आभाळाकडं बघत नव्हते हो, माझ्याकडं बघत होते.

मी बघितलं. ढगाची कड होती. नंतर कडंची कड. मग नुसतं पाणी डोळ्यातलं. डोळे पुसले, पुन्हा बघितलं. मावळतीला उजेड कमी होत चाललता. मागनं कुणीतरी हळूच म्हणालं, "ह्या वक्ताला दस्तगीरला बी दिसंना वाटतं."

तेवढंच. एवढ्याशा बोलण्यावर माणूस काय करतो बघा. मी हात वर केला आन बोट दाखवलं. लिंबाच्या शेंड्याच्या डाव्या अंगाला, म्हणालो. तो बघा. त्यो काय.

तिथं काही नव्हतं. मला दिसलं न्हाई असं म्हणत न्हाई मी. तिथं काही नव्हतंच, हे मला तवाच ठाऊक होतं. तुमी म्हणाल, लोक तहानेनं व्याकूळ झालते, त्यांची दया आली असंल. न्हाई. दया-बिया काही न्हाई. लोकांनी मला आंधळा म्हणू नये, एवढंच.

माझ्या शेजारी मेहबूब उभा होता, भला माणूस. त्यानं माझ्या बोटाच्या रोखानं मान वाकडी केली आन म्हणाला, हां, हां, दिसला! मग तिघांना दिसला. मग पोरांना दिसला. कुणी खोटं बोलत नव्हतं, ही मजा बघा. त्यांना खरंच दिसला. इतकं बघायचं मनात असल्यावर माणसाला काय दिसत न्हाई?

एकट्या हुसेनचाचाला दिसला न्हाई. तो म्हातारा तिथंच बघत राहिला. मग माझ्याजवळ आला आन सगळ्यांसमोर म्हणाला, "दस्तगीर, अल्लाला हाजिर समजून सांग. बघितलास?"

मी म्हणालो, बघितला.

त्यानं माझ्या तोंडाकडं लई वेळ बघितलं. मग म्हणाला, माझं मन घेत न्हाई. तिथं ढग होता. माझा उद्या रोजा हाय.

झालं. गाव भडकलं. दोन गवाह असताना इमाम न्हाई म्हणतो म्हंजे काय? म्हातारा हेकट हाय, कुणी म्हणालं. चाँदवाल्याचं नाव होतंय, ते बघवंना ह्याला, कुणी म्हणालं. हे मी ऐकलं. मी तिथंच उभा होतो, दोन हातांवर. एक शब्द बोललो असतो तर? न्हाई बोललो.

दुसऱ्या दिवशी आमी ईद केली. नवे कपडे, अत्तर, नदीकाठच्या चिंचंखाली नमाज. मेहबूबनं नमाज पढवली, मधीच चुकला. एकमेकांना मिठ्या मारल्या. आन हुसेनचाचा घरात उपाशी. तुमाला ठाऊक नसंल म्हणून सांगतो — ईदच्या दिवशी रोजा धरणं आमच्यात हराम हाय. आन रमजानचा रोजा मुद्दाम सोडणं बी मोठा गुन्हा. म्हंजे त्या दिवशी एकतर अख्खं गाव चुकलं होतं, न्हाई तर तो एकटा. त्याच्या वाटची ईद तर झालीच न्हाई, कारण ईदची नमाज एकट्यानं होत न्हाई.

चार दिवसांनी माजलगावाहून माणूस आला. तिथं तीस रोजे झालते. आमचे लोक म्हणाले, तिकडं ढग असतील. बरोबरच की! कुणाला शंका यायचं कारण काय? आन मी काय केलं, ऐका. पुढच्या महिन्यात एक दिवस मी गुपचूप रोजा धरला. माझा राहिलेला तिसावा भरून काढला. घरात सांगितलं, पोट बिघडलंय. माझ्या एकट्याचा हिशोब मी चुकता केला. वीस-पंचवीस घरांचा तो रोजा तसाच राहिला, माझ्या जैनबीचा बी. त्यातली कितीतरी माणसं आता मातीत गेली.

हुसेनचाचाला पुन्हा कुणी पुढं उभं केलं न्हाई. जो ईदला उपाशी राहिला त्याच्यामागं नमाज कशी पढायची, असं बोलणं निघालं. पोरं त्याच्याकडं शिकायला जाईनात. तो शेवटच्या रांगेत, भिंतीजवळ उभा राहायला लागला. नमाज संपली की आमी उजव्या खांद्याकडं मान वळवून सलाम करतो, मग डाव्या. दोन्ही खांद्यांवर फरिश्ते असतात, माणसाचं बरं-वाईट लिहिणारे, हे बी त्यानंच शिकवलेलं. मी डावीकडं मान वळवली की मागं, भिंतीजवळ, तो दिसायचा. एवढं लांबचं मला दिसत नव्हतं खरं. पण तो दिसायचा.

दर साली चाँदाच्या संध्याकाळी मी टेकाडावर जायचो, पण तोंड उघडायचो न्हाई. दुसऱ्या कुणी दाखवला की हां म्हणायचो. लोक म्हणायचे, दस्तगीर आता नव्यांना मान देतो. किती चांगला माणूस!

आता ते सांगतो, ज्याच्यासाठी इतका वेळ फिरतोय. खोटी गवाही दिली — ते तर सांगून झालं. ते न्हाई.

चाचा वारला त्याच्या थोडं आधीची गोष्ट. शबे-बारात जवळ आलती. त्या सुमाराला आमच्यात एकमेकांची माफी मागतात, कुणाचं मन दुखावलं असलं तर. दुपारची वेळ, मी पिंजत बसलतो. दारात उजेड अडला म्हणून बघितलं, तर हुसेनचाचा. काठी टेकत आत आला. सगळीकडं कापूस तरंगत होता. तो त्याच्या दाढीत बसला, भुवयांवर बसला, आन तो तसाच माझ्यापुढं खाली बसला. मला वाटलं, आता विचारणार. मला वाटलं, आता सुटलो! खरं सांगतो, विचारलं असतं तर बोललो असतो — असं मला अजून वाटतं. कुणाला ठाऊक.

त्यानं विचारलं न्हाई. त्यानं ती लाल बोटं जोडली. म्हणाला, "लेकरा, इतकी वर्सं मी मनात किती उलटसुलट केलं. माझेच डोळे म्हातारे झालते. मी तुझ्या गवाहीवर शक घेतला, ईदच्या दिवशी उपाशी राहिलो. अल्लाजवळ तोबा केली. पण आधी तुझी माफी पायजे. तू माफ केल्याबिगर तो करणार न्हाई."

तोंडात आलतं माझ्या. अगदी ओठापर्यंत. एक शब्द, आन तो म्हातारा ताठ मानेनं पहिल्या रांगेत गेला असता.

मी त्याचे हात हातात घेतले. म्हणालो, "जाऊ द्या चाचा. मी तुमाला माफ केलं."

तो रडला. माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाला, तुझं दिल लई मोठं हाय. मी त्याला पाणी दिलं, दारापर्यंत सोडायला गेलो, आन येऊन पुन्हा पिंजायला बसलो.