गणवेश इथेच शिवा

नगरपरिषदेच्या निवडणुकीला मी समाजसेवेसाठी उभी राहिले, असं तेव्हा सगळ्यांना सांगत होते. ते पूर्ण खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. माझा शिवणाचा धंदा बसला होता आणि तो उठवायचा दुसरा काही रस्ता मला दिसत नव्हता.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीचे गणवेश आम्ही शिवायचो. कामगारांचे शर्ट-पँट, ॲप्रन, डोक्याच्या टोप्या. आम्ही म्हणजे मी आणि चार बायका. घराला लागून चिऱ्याच्या भिंती आणि वर पत्रा अशी शेड होती, तीत पाच मशीन. बारा वर्षं हे काम नीट चाललं. मग एके दिवशी कंपनीतल्या खरेदी बघणाऱ्या साहेबांचा फोन आला.

“मॅडम, यापुढे आमची सगळी खरेदी हेड ऑफिसकडून होणार. माल तयारच येतो तिकडून.”

“आमच्या कामात काही कमी पडलं का, साहेब?”

“नाही हो. तुमचं काम चांगलंच होतं.”

होतं, म्हणाले ते. फोन ठेवल्यावर मला तो शब्द कळला.

दोन महिन्यांत तीन बायका गेल्या. एक माहेरी गेली, एक आंबा कॅनिंगच्या कारखान्यात लागली, एकीने घरीच फॉल-पिको सुरू केलं. राहिली एकच. ती मिरकरवाड्यातली. नवरा कुवेतला होता, तिथे पाठीला मार लागून कायमचा परत आला होता. तो बसून असायचा आणि घर हिच्या शिवणावर चालायचं. कॉलर शिवावी तर तिने. मी तिला शिकवलं होतं, पण माझ्या हाताला तिची सफाई कधीच आली नाही. काम नसलं तरी ती रोज दहाला यायची. आम्ही दोघी मशीनना तेल घालायचो, धूळ पुसायचो आणि कुणाचं ब्लाऊज, कुणाचा पडदा असं काही आलं तर ते वाटून घ्यायचो. वाटून घेण्यासारखं फार नसायचं.

त्या सुमाराला निवडणूक लागली आणि आमच्या प्रभागातली एक जागा अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव झाली. मी बौद्धवाडीतली, शिकलेली, चार माणसांना माहीत असलेली. विहारातल्या बायका सहज म्हणाल्या, तू का उभी राहत नाहीस गो? त्यांनी सहज म्हटलं आणि मी ते धरून बसले.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. नगरपरिषदेच्या शाळांचे गणवेश, सफाई कामगारांचे कपडे, दवाखान्यातल्या चादरी, हे सगळं बाहेरून येतं. ते रत्नागिरीतच शिवून घ्या. गावात शिवण येणाऱ्या बायका घरोघर आहेत. मोठा कारखाना येईल तेव्हा येईल, पण जी कामं आत्ता आहेत ती तरी गावाबाहेर जाऊ देऊ नका. मला वाटायचं, इतकी साधी गोष्ट कुणालाही पटेल.

माझे मिस्टर शाळेत शिपाई. त्यांना प्रचारात फिरायची परवानगी नव्हती, आणि असती तरी ते फिरले नसते.

“निवडून आलीस तरी एकटी काय करणार?” त्यांनी विचारलं.

“सभेत बोलेन.”

“आणि ते ऐकतील?”

मी अर्ज भरला, अपक्ष. चिन्ह शिलाई मशीन मागितलं होतं, पण तेच आणखी एकीने मागितलं आणि चिठ्ठीत तिला गेलं. मला कपाट मिळालं. पत्रकावर वर कपाटाचं चित्र आणि खाली ‘गणवेश इथेच शिवा’. लोक विचारायचे, कपाटं विकताय काय?

घरोघर फिरायला लागल्यावर मला जे कळलं ते आधी कळलं असतं तर मी उभीच राहिले नसते. माझं म्हणणं ऐकायला कुणाला वेळ नव्हता. प्रत्येक घरात एक माणूस कामाविना बसलेला होता आणि प्रत्येकाला एक नोकरी हवी होती, त्या एका माणसासाठी, लगेच. एसटीतून निवृत्त झालेल्या एका ड्रायव्हरनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि मुलीची फाइल मांडीवर ठेवली. मुलगी फार्मसी शिकलेली.

“मॅडम, कुठेतरी चिकटवा हिला. मेडिकलात उभी राहायला पण तयार आहे.”

मुलगी दाराआड उभी होती. मी फाइल चाळली. पहिला वर्ग, पहिला वर्ग. माझ्या शेडमध्ये मशीन बंद पडलीयत, मी कुणाला काय चिकटवणार, हे सांगायला पाहिजे होतं. मी म्हणाले, “बघते. निवडणूक होऊ दे.”

एकदा असं बोलून गेल्यावर पुढे सोपं झालं. बघते, निवडणूक होऊ दे. दिवसातून वीस वेळा म्हणायचे. पिशवी बायोडेटांनी भरली. ती पिशवी मी घरी आणून शिवणाच्या टेबलाखाली सरकवायचे.

माझ्याबरोबर फिरायला ती होती, माझी कारागीर. बुरखा सावरत, पत्रकांचा गठ्ठा काखेत धरून चढ-उतार तिने माझ्याबरोबर पायाखाली घातले. तिच्या वाड्यात मला कुणी ओळखत नव्हतं, तिथे तीच पुढे व्हायची. विहाराच्या अंगणात आमची एक छोटी सभा झाली. मी बोलले. शेवटी मागून एकाने विचारलं, “म्हणजे हे कपडे तुमच्याच शेडमध्ये शिवायचे ना, ताई?” सगळे हसले.   तेव्हा ती उठली.

“यांच्याच शेडमध्ये शिवले तर काय वाईट झाला?” ती म्हणाली. “मी तिथे बसते. माझ्या घरात चार माणसं जेवतात त्याच्यावर. तुमच्या घरातली बाय पण बसेल.”

हसणं थांबलं. सगळ्या प्रचारात माझ्या बाजूने झालेलं तेवढं एकच भाषण, आणि ते मी केलेलं नव्हतं.

मतदानाला आठ दिवस राहिले होते तेव्हा ती सकाळी लवकर आली. बसली नाही. गावात कपड्यांचं मोठं शोरूम उघडलं होतं, तिथे अल्टरेशनला बाई हवी होती. तिच्या नणंदेने तिचं नाव सांगितलं होतं. त्यांनी एक पँट आखूड करायला दिली आणि टाका बघून लगेच हो म्हणाले.

“महिन्याचा पगार हाय, ताई. पीएफ पण कापतात. सोमवारपासून ये म्हणतात. जाऊ का?”

आज हे लिहिताना मला मी स्पष्ट दिसते. हातात पत्रकं, समोर ती. जा, एवढं एक अक्षर म्हणायचं होतं. पण ती गेली असती तर शेड पूर्ण बंद झाली असती. मग मी लोकांना काय दाखवणार होते? बायकांना काम देणारी उमेदवार, आणि जिच्याकडे एकही बाई उरली नाही? आणि तिच्या वाड्यात मला घेऊन कोण गेलं असतं?

“थांब,” मी म्हणाले. “आठच दिवस. मी आले निवडून तर शाळांचं काम आपल्याकडेच येणार. तिथे तू दुसऱ्याच्या हाताखाली, इथे तू मुख्य. त्यांना सांग पुढच्या आठवड्यात येते.”



“नक्की येईल ना काम?”

“येईल.”

“मग थांबते.”

मी हरले. तिसरी आले. मतमोजणी चालू होती त्या इमारतीच्या बाहेर आम्ही दोघी जांभळाच्या झाडाखाली उभ्या होतो. आकडा ऐकल्यावर ती म्हणाली, “तिसऱ्या म्हणजे मागे दोघी तरी हाय ना,” आणि माझा हात धरला. गुलाल उधळत मिरवणूक आमच्या समोरून गेली.

दुसऱ्या दिवशी ती शोरूममध्ये गेली आणि तासाभरात परत आली. जागा भरली होती. मी ऐकलं नाही, स्वतः गेले. मॅनेजर माणूस सभ्य होता.

“आम्ही त्यांना दोनदा फोन केला, मॅडम. त्या म्हणाल्या, निवडणूक झाल्यावर येते. आम्हाला सणाच्या गर्दीत थांबता येत नव्हतं.”

“चूक माझी आहे. मीच थांबवलं तिला. तिचं काम तुम्ही बघितलंय.”

“काम उत्तमच होतं. पण आता ज्या बाई आहेत त्यांना काढू का?”

आतल्या काचेमागे एक बाई मशीनवर वाकून बसली होती. तिला काढा असंही मला म्हणता येईना.  शेवटी तेच म्हणाले, मॅडम, गिऱ्हाईक येतंय.

मग मी निवडून आलेल्या बाईंच्या घरी गेले. विहारातलीच ओळख, दूरचं नातंही लागतं. त्या आतून आल्या, नमस्कार करून बसल्या, पण बोलले त्यांचे पती.

“ताई, तुमचा मुद्दा आम्हीही जाहीरनाम्यात घेतला होता. लघुउद्योगांना चालना, महिलांना रोजगार. पान दोनवर आहे बघा.”

“गणवेशाचं काय करणार?”

“त्याला टेंडर लागतं. टेंडर भरायला मोठी उलाढाल दाखवावी लागते. तुम्ही बचत गटांचा महासंघ वगैरे काही करा, मग बघू.”

“मला नको. एका बाईला काम द्या. कुठेही. झाडू मारायचं असलं तरी चालेल.”

हे मी म्हणाले, जिने महिनाभर घरोघर लघुउद्योगाची गोष्ट सांगितली ती मी. त्यांनी वहीत नाव लिहून घेतलं. “बघतो,” म्हणाले. त्या शब्दाची किंमत माझ्याइतकी कुणाला माहीत होती?

फाटकापर्यंत बाई माझ्याबरोबर आल्या. घराकडे एकदा वळून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “तुमचं विहारातलं बोलणं मी ऐकलं होतं. मला पटलं होतं. पण मला तिथे कोण विचारतंय गो?” मला त्यांचा राग यायला हवा होता. तोही आला नाही.

माझी कारागीर बंदराजवळच्या शेडमध्ये कोळंबी सोलायला लागली. मी महिनाभर तिच्याकडे गेले नाही. धीर झाला नाही म्हणण्यापेक्षा, लाज वाटत होती. एकदा एक ड्रेस आला, गळ्यावर बारीक काम होतं, माझ्याच्याने होईना. तो घेऊन मी तिच्या घरी गेले. निमित्त होतं म्हणून गेले. तिने कापड हातात घेतलं आणि लगेच खाली ठेवलं. बर्फाने आणि कोळंबीच्या पाण्याने तिची बोटं फुटली होती. सिंथेटिक कापडाचे धागे त्या भेगांत अडकत होते.

“नाय होणार, ताई. दोरे निघतील.”

“माझ्यामुळे झालं हे,” मी म्हणाले.

 आत तिचा नवरा खोकला. मग ती म्हणाली, आवाज न चढवता, “होय. तुमच्यामुळे. तुम्ही वाईट नाय, ते मला ठावं हाय. पण तुम्ही ‘येईल’ म्हणालात. ‘बहुतेक’ म्हणाला असता तर मी गेले असते.”

मी ड्रेस पिशवीत घातला.  त्या घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत सगळ्या घरांच्या पायऱ्या मी प्रचारात चढले होते. एका बाईने हाक मारली, “माझ्या पोराचं काय झालं हो?” मी थांबले आणि तिला सांगितलं, मी हरले, मला काही करता येणार नाही, आणि जिंकले असते तरी आलं नसतं. ती म्हणाली, मग तेव्हा का बोललात? मी म्हणाले, चुकलं. बायोडेटाची पिशवी घेऊन पुढचे चार दिवस मी घरोघर गेले आणि कागद परत केले. काहींनी दार लावून घेतलं. एसटीच्या ड्रायव्हरनी फाइल घेतली आणि पाणीसुद्धा विचारलं नाही.

मशीन एकेक करून विकली. एक ठेवलंय, आल्या-गेल्या फाटक्यासाठी. पावसाळ्याआधी मीही त्या कोळंबीच्या शेडमध्ये कामाला लागले. मिस्टरांनी विचारलं, तुला जमेल? मी म्हटलं, न जमून कसं चालेल.

पहिल्या दिवशी सुपरवायझरने मला टोपी आणि ॲप्रन दिला. टोपीची शिवण आतून उसवलेली होती, बाहेरगावचा तयार माल. त्याने मला रांगेच्या टोकाला जागा दाखवली, पण ती आपल्या जागेवरून सरकली आणि हाताने शेजारची जागा दाखवली. मी बसले. आमच्यामध्ये बर्फातल्या कोळंबीचा टब होता, आणि सोललेली टाकायला प्रत्येकीचा वेगळा.

“डोकं आधी,” ती म्हणाली. “मग पायाकडून साल. ओढू नका, फिरवा.”

मी एक उचलली. साल अर्धी आली, अर्धी मांसासकट तुटली.

“असं नाय. माझ्याकडे बघा.”

मी बघितलं. तिचे हात भरभर चालत होते. तिने मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही, आजवर विचारलेलं नाही. दुपारच्या सुट्टीपर्यंत दोन टब व्हायला हवे होते आणि माझा पहिलाच अर्धा भरला होता. तिने आपल्या टबातली दोन मुठी सोललेली कोळंबी माझ्या टबात टाकली आणि पुढची उचलली.