काट्यावरचा गणपती

शेअर रिक्षात सुक्या मासळीची पाटी घेऊन बसलेल्या बाईकडे लोक कसे बघतात, ते जिने सोसलंय तिलाच ठाऊक. शिरगाव ते पालघर मांडीवर बोंबील, शेजारची नाकाला पदर लावणार, पुढचा मुद्दाम खाकरणार. म्हणून नवऱ्याने जुनी डिझेल जीप घेतली तेव्हा मला दागिना केल्यासारखं वाटलं. पाट्या मागे, मी पुढे चालवणाऱ्या नवऱ्याशेजारी, थेट बोईसरच्या आठवडी बाजारात. कोणाच्या नाकाशी माझा संबंध उरला नाही.

जीप म्हातारी, पण तिचा ऑइलच्या दाबाचा काटा गुणी होता. गाडी सुरू केली की वर चढायचा, इंजिन तापलं की जरा खाली येऊन थांबायचा. मी रस्त्यापेक्षा त्यालाच जास्त बघायची. तेलाचा दाब गेला की इंजिन गेलं, हे मला नवऱ्यानेच शिकवलं होतं.

त्या काट्याला खबर देणारा एक छोटा पितळी सेन्सर इंजिनात आट्यांनी बसवलेला असतो. एकदा तिथून तेल पाझरायला लागलं. माझा धाकटा दीर तारापूरच्या एका कारखान्यात पाइप फिटर. गळती दिसली की पांढरी टेप गुंडाळायची, हा त्याचा धर्म. घरातल्या नळाला टेप, बोटीच्या पंपाला टेप. त्याने सेन्सर काढला, आट्यांवर टेपचे वेढे दिले आणि आवळून बसवला. गळती थांबली. काटा मात्र शून्यावर पडला तो उठेचना.

"मीटर गेला वैनी. जुनी गाडी हाय," दीर म्हणाला.

नवऱ्याने इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढून बघितली. तेल भरपूर, आवाजही ठीक. झालं, दोघा भावांचं एकमत.

"गळत होतं तवा काटा चालत होता. तुमी हात लावला नि पडला," मी म्हटलं. "ती टेप काढून बघा ना."

"वैनी, मी कंपनीत दिवसभर हेच करतो."

आणि वर हसला. तोंडात तंबाखू, दातांवर तो चिकट थर, असलं हसू. मी रोज टोकत राहिले, तेव्हा नवऱ्याने काय करावं? गणपतीचा स्टिकर आणून मीटरच्या काचेवरच चिकटवला. आता गणपतीला नख कोण लावणार? त्या शहाणपणाची मला किळस आली ती अजून गेलेली नाही.

पुढे एका बाजाराच्या दिवशी पालघर-बोईसर रस्त्यावर गाडी खडखडली आणि जागीच मेली. मागे रस्त्यावर तेलाची काळी रेघ. तेलाच्या फिल्टरचं रबर फाटून सगळं वाहून गेलं होतं. मी तिथेच बसून स्टिकर खरवडला. खाली काटा शून्यावर, नेहमीसारखाच.

गाडी ओढून बोईसरला नेली. मेकॅनिकने सेन्सर खोलला आणि ती तेलकट टेप मेलेल्या गांडुळासारखी चिमटीत धरली.

"सुई को इसी चूड़ी से," त्याने आट्यांवर बोट ठेवलं, "बिजली का अर्थिंग मिलता है. टेप मार के काट दिया. तेल रहे, जाए, सुई को क्या मालूम?" तो बाजूला थुंकला. "इंजन जाम है. भंगार में दे दो."

दिराने घरी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंजे मी बोललो तेच. काटा खोटाच होता." नवऱ्याने मान डोलावली. त्या रात्री दोघांना वाढताना मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

ओढून परत आणलेली जीप दारात उभी आहे, टपावर कोंबड्या बसतात. मी पुन्हा शेअर रिक्षात. परवा रिक्षात शिरले तर दीर आधीच बसलेला, कामावर निघालेला, भांग पाडून, पावडर लावून. मी त्याच्या शेजारी पाटी घेऊन बसले. गाव मागे पडलं नाही तोच त्याने रुमाल काढून नाकाला लावला.

"वैनी, पाटी जरा तिकडं घ्या ना. वास येते."

मी पाटी उचलली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. पालघर येईपर्यंत ती तिथेच होती.