तात्यांनी धरलेली जागा

सूर्यभान तात्यांच्या घरी पाहुणा म्हणून जाणं सोपं होतं, तिथून निघणं अवघड. तुम्ही उठलात की तात्या खुंटीवरची टोपी घालायचे. "अहो बसा, मी जाईन," म्हणेपर्यंत त्यांचे पाय चपलांत. राहुरीच्या स्टँडपर्यंत सोबत चालायचे, गाडी लागली की गर्दीत घुसून खिडकीतून आपला टॉवेल सीटवर टाकायचे आणि पाहुणा तिथं बसल्याशिवाय तो उचलायचे नाहीत. जन्मभर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकुनी केली, पण नाव झालं ते या टॉवेलामुळे. माझ्या माहेरची माणसं निघाली की आमच्या ह्यांच्या आधी शेजारचे तात्या तयार. ह्यांना तो टोमणा मी अजून मारते. ह्यांनी अजून मनावर घेतलेला नाही.

मग तात्यांची आठवण शिवणीतून उसवायला लागली. आधी नावं गेली, मग माणसं. गेल्या थंडीत त्यांचं सोडियम उतरलं आणि नगरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथं ते सलाईनची सुई उपसायचे, म्हणून हात पट्टीनं कॉटला बांधले. शेजारी बसलेल्या आपल्या बायकोला, मनकर्णाकाकूंना, ते म्हणायचे, "सिस्टर, एवढं सोडा ना. आमच्या घरी पाव्हनं आल्यात."

हे सांगताना काकू मेथी निवडत होत्या. काड्या भांड्यात आणि पानं कचऱ्यात टाकत होत्या. मी टोमणा न मारता पानं उचलून भांड्यात ठेवली. एरवी मी सोडते होय?

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना क्षणभरही एकटं ठेवायचं नाही. मुलगा ओंकार चाकणला कंपनीत. तो घरी आला आणि आईशी बोलला तेव्हा मी भिंतीपलीकडे वाळवण गोळा करत होते. थंडीत कसलं वाळवण, ते विचारू नका.

"आई, तुझ्याच्यानं होणार नाही. पुण्याला संस्था आहे अशाच माणसांची. मी बघून आलोय."

"तिथं हात बांधत्यात."

"नाही बांधत, आई."

"दवाखान्यातबी न्हाई म्हनले हुते."

शेवटी ओंकार म्हणाला, "ठीक आहे, ठेवून बघ. पण एकदा, फक्त एकदा जरी ते हरवले, तर मी तुझं ऐकणार नाही."

काकूंनी कंबर बांधली. दवाखान्यातून निवृत्त झालेला वॉर्डबॉय सहादेव सकाळी अंघोळ घालायला, चालवून आणायला येऊ लागला. फाटकाला उंचावर कडी बसली, कडीला बैलाच्या गळ्यातली घुंगरं. दुपारी काकू घटकाभर आडव्या व्हायच्या, तेवढी राखण माझ्याकडे. "तू न्हाईतरी दुपारभर आमच्याच दाराकडं बघत असतीस," काकू म्हणाल्या. "आता बसून बघ."

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं असतं, पण आमच्याकडे दवाखान्यातून माणूस घरी आला की अख्खं भावकी-सोयऱ्यांचं रान भेटायला लोटतं. नारळ, बिस्किटाचे पुडे, आणि बसल्या बसल्या पहिला प्रश्न, "तात्या, वळखलं का? सांगा बरं मी कोन?"

तात्यांची बोटं धोतराची कड चुणायला लागायची. मग ते हसून म्हणायचे, "वळखलं की. घरची मंडळी बरी हायेत ना?" उत्तर कुणालाही लागू पडायचं. पाहुणा खूश. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. मग मी त्यांचे डोळे बघितले. अनोळखी घरात शिरलेल्या माणसाचे असतात तसे होते, आणि घर त्यांचंच होतं. त्यानंतर मी दारातच पाहुण्यांना अडवून विचारायचे, "भेटायला आलात का परीक्षा घ्यायला?"

त्या दुपारी नेमका नळ आला. मी दोन हंडे भरायला घरी गेले आणि धार बारीक म्हणून तासभर तिथंच अडकले. काकूंचा डोळा लागला होता. तेवढ्यात वांबोरीहून काकूंचा भाचा गोरक्ष आला. त्याची मोटारसायकल स्टँडजवळ पंक्चरला लावली होती, तोवर म्हणाला, मामांना भेटून घेऊ. पाणी प्यायला आणि उठला. मामांनी टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला.

"चला, सोडतो."

आता सोडायला निघालेल्या वडीलधाऱ्या माणसाला "तुम्ही येऊ नका" कसं म्हणणार? गोरक्षला उलट बरंच वाटलं. लोक उगाच म्हणतात मामा बिघडले, हे तर पहिल्यासारखे. आत्याची झोप मोडू नये म्हणून घुंगरं मुठीत धरून कडी त्यानंच काढली. रस्ताभर मामांनी ऊस किती निघाला, वैरणीला वाढं कुणाला दिलं, सगळं विचारलं. स्टँडवर गोरक्ष म्हणाला, "मामा, जाल ना नीट?"

"जातो की. रोजचा रस्ता हाय."

आणि गोरक्ष वांबोरीला निघून गेला.

हंडे ठेवून मी परत आले तेव्हा काकू पलंगापाशी उभ्या होत्या. रिकाम्या पलंगाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या खुंटीकडे बघत होत्या.

"टोपी न्हाई," त्या म्हणाल्या.

टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यावरून कुणीतरी येऊन गेल्याचं कळत होतं. फोन लावत लावत गोरक्षपाशी पोचलो. तो आनंदात होता. "हां आत्या, पोचलो की. मामा कसले झ्याक बोलले. स्टँडपतूर आले सोडायला." काकूंनी फोन माझ्या हातात दिला.

आम्ही धावतच निघालो. गळिताचा हंगाम, नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्या गाण्यांचा गोंगाट, मागून ट्रक. एखादा ब्रेक करकचला की काकू माझं मनगट दाबायच्या. पुढे रस्त्याकडेला माणसांचा घोळका दिसला. सगळे खाली वाकून बघत होते. काकू थांबल्या.

"तू जा. मी हितंच हाय."

ते पन्नासेक पावलांचं अंतर मी कसं कापलं ते मला विचारू नका. घोळक्यात मान घातली. ट्रॉलीतून मोळी पडली होती आणि लोक ऊस गोळा करत होते. एकानं मलाही एक कांडं पुढे केलं. मी मागे वळून दोन्ही हात हलवले, नाही, नाही म्हणून, आणि काकू मटकन खाली बसल्या. त्यांना वाटलं, नाही म्हणजे राहिले नाहीत.

त्यांना उठवून स्टँडवर आणलं. तात्या नव्हते. चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं सांगितलं, मघापासून नगरची गेली, कोपरगावची गेली, नेवाशाची गेली, टोपीवाले म्हातारे प्रत्येक गाडीत चढताना दिसले. पाण्याच्या टाकीमागे, मुतारीत, रसाच्या गुऱ्हाळात, सगळीकडे बघून झालं. पलीकडे मुळेच्या कालव्याला पाणी सुटलेलं होतं. ते आम्हा दोघींच्याही मनात होतं आणि दोघीही त्याचं नाव घेत नव्हतो.

मी म्हटलं, "काकू, गल्लीच्या ग्रुपवर फोटो टाकते. इथून गावोगाव जाईल."

"ग्रुपात ओंक्या हाय."

"आहे."

काकू बाकावर बसल्या. पदराचा शेव बोटाला गुंडाळला, सोडला. ओंकारचे शब्द मला माहीत होते हे त्यांना माहीत होतं. आमच्यात तेवढी भिंत कधी नव्हतीच.

"काकू, अजून थोडं शोधू का?"

"त्ये संस्थेत असले तर जाऊन बघता तरी यील. टाक, पमे."

मी फोटो टाकला, खाली माझा नंबर. पहिला फोन ओंकारचाच आला. काकूंनी नाव बघितलं आणि फोन मला दिला. मी एवढंच म्हणाले, "हो रे बाबा, शोधतोय. निघ तू." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

बऱ्याच वेळानं अनोळखी नंबर वाजला. नेवाशाच्या स्टँडवरून कंडक्टर बोलत होता. "फोटोतले आजोबा माझ्या गाडीत हायेत. लवकर या. सीट सोडायला तयार न्हाईत."

आमच्या गल्लीतल्या मच्छिंद्रची रिक्षा घेतली. तो एरवी खड्ड्याखड्ड्याला माझी चेष्टा करतो, त्या दिवशी एकदा म्हणाला फक्त, "धरून बसा." नेवाशात बस एका कडेला उभी होती, रिकामी. आत तात्या दांडा धरून उभे. पाय लटलटत होते, टोपी तिरकी झाली होती. आणि समोरच्या खिडकीच्या सीटवर त्यांचा टॉवेल, व्यवस्थित पसरलेला.

"राहुरीपासून उभेच हायेत," कंडक्टर म्हणाला. "म्हनलं आजोबा, जागा तुमचीच ना, बसा. तर म्हनत्यात, माझी न्हाई, पाव्हन्यांची हाय. बाया भांडल्या, टावेल उचलू दिला न्हाई."

काकू पायऱ्या चढल्या. तात्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"या, या. लई उशीर केला. ही बघा, धरून ठेवलीय."

काकूंनी काय करावं? त्या सीटवर बसल्या. तात्यांनी टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला, हात जोडले. "या बरं का पुन्हा." आणि ते दाराकडे वळले. काम झालं होतं. बायकोला गाडीत बसवून ते परक्या गावात उतरून चालायला लागले होते.

मी पुढे होणार तोच काकूंचा आवाज आला. "असं व्हय? बाईमानसाला अर्ध्यात सोडता? घरापतूर यावं लागतंय."

तात्या थांबले. विचार केला. "व्हय," म्हणाले, "ते बी खरं हाय."

तसे ते घरी आले, पाहुणीला पोचवायला.

संध्याकाळी ओंकार आला. आल्या आल्या तात्यांची बॅग भरू लागला. काकूंनी अडवलं नाही, स्वतःच टॉवेलाची घडी करून बॅगेत ठेवली. तात्यांनी मुलाला विचारलं, "घरची मंडळी बरी हायेत ना?" ओंकार फोन आल्यासारखा बाहेर गेला. फोन आलेला नव्हता. ओटीवर मीच होते, मला ऐकू आलं असतं.

तो निघालेला दिसला आणि तात्यांनी टोपी घातली. "चला, सोडतो."

"जा त्यांच्यासंगं, ओंक्या," काकू आतून म्हणाल्या. "मग ने कुठं न्यायचं ते."

बाप-लेक गल्लीच्या टोकापर्यंत गेले. तिथं तात्यांनी हात जोडले, "या बरं का," आणि मागे वळायचं सोडून सरळ मोठ्या रस्त्याकडे निघाले. ओंकारनं हाक मारली, "तात्या!" ते थांबले नाहीत. मग तो धावला, त्यांच्या आडवा आला, आणि त्याच्या तोंडून काय निघालं ते मच्छिंद्रनं रिक्षातून ऐकलं. "मला तुमच्या घरी न्या हो. रस्ता माहीत नाही मला."

तात्यांनी त्याचा हात धरला आणि घरी आणलं. दारातून ओरडले, "चहा टाका, पाव्हनं आल्यात." ओंकार चहा प्यायला. मग बॅगेतला टॉवेल काढून खुंटीवर लावला.

"उन्हाळ्यापर्यंत बघू," तो म्हणाला. "पुढचं मी आत्ता बोलत नाही."

आता गल्लीत नेम झाला आहे. त्या घरातून निघालेल्या पाहुण्यानं तात्यांना कोपऱ्यापर्यंत येऊ द्यायचं, आणि तिथून मच्छिंद्रनं नाहीतर आणखी कुणी पाहुणा होऊन त्यांना घरी आणायचं. मच्छिंद्रचा चहा फार झालाय, तो तक्रार करतो आणि कप पुढे करतो. गोरक्ष दर आठवड्याला येतो आणि काकूंनी दहादा सांगूनही उंबऱ्यावरच बसतो.

माझी दुपारची पाळी संपली की तात्या मलाही सोडायला येतात. आमचं घर भिंतीला भिंत. माझ्या दारात ते हात जोडतात, घरच्या मंडळींची चौकशी करतात आणि वळतात. डावीकडे त्यांचं फाटक, उजवीकडे मोठा रस्ता. मधे ते क्षणभर उभे राहतात. काकू फाटकात घुंगरं मुठीत धरून उभ्या असतात, मी माझ्या दारात. ते कुठं वळतात हे कळेपर्यंत आम्ही दोघी काही बोलत नाही.